ताईच्या हातच्या गाठी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पण यात एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही. इंदूमावशीनं जसं सांगितलं, तसंच लिहितोय.

नगर शहर. शनिवार, चार जानेवारी १९४७. वेळ रात्रीची नव्हती. दुपारचे चार वाजले होते आणि शाळेच्या मैदानावर दोन-तीनशे माणसं बसली होती.

पण सुरुवात आधीच झाली होती...

इंदू तेव्हा वीस वर्षांची. थोरली बहीण नीलांबरी अचानक गेल्याची तार आली, तशी ती जामखेडहून निघाली. नीलांबरीचा नवरा हेमचंद्र हायस्कुलात सायन्स शिकवायचा.

"चुलीपाशी चक्कर येऊन पडली," त्यानं सगळ्यांना सांगितलं.

इंदू पोचली तेव्हा ताईला अजून उचललं नव्हतं. तिनं ताईचा उजवा हात पाहिला. दोन बोटांची टोकं काळी पडली होती.

"चुलीत हात गेला," हेमचंद्र म्हणाला.

 इंदूच्या आत काहीतरी धुमसायला लागलं ते तिथूनच.

तेराव्यानंतर ताईच्या वस्तू आवरायला ती थांबली. माडीवरच्या खोलीत, विजेच्या बटणाखालच्या टेबलावर एक पत्र्याची पेटी उलटी ठेवली होती. अ‍ॅम्प्लिफायर. लष्कराच्या भंगारातले व्हॉल्व, म्हणजे रेडिओत असतात तसे काचेचे दिवे, आणून हेमचंद्रानं तो घरीच बनवला होता. शाळेच्या संमेलनात त्याचं उद्घाटन होतं.

बनवला म्हणजे काय... नकाशा त्याचा, हात ताईचे. सोल्डर तीच करायची. मेण लावलेल्या दोऱ्यानं तारांच्या जुड्या तीच बांधायची. गजरा बांधतात ना, तशा ओळीनं गाठी मारत. इंदूला तिनं पत्रात हे सगळं लिहिलं होतं.

काम अर्ध्यावर राहिलं होतं. अर्ध्या तारा बांधलेल्या, अर्ध्या लोंबत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमचंद्र जिना उतरून आला तो तणतणतच.

"माझ्या पेटीला कुणी हात लावला?"

"मी नाही लावला."

"मग चार गाठी वाढल्या कशा?"

इंदू वर गेली. खरंच वाढल्या होत्या.

ताईच्याच गाठी...

इंदूला गजरा कधी धड बांधता आला नव्हता.

हेमचंद्रानं कात्री घेतली आणि त्या चारही गाठी कापून टाकल्या. खोलीला कुलूप घातलं. किल्ली जानव्याला अडकवली आणि तो जेवायला बसला. इंदू वाढत होती. घरात तिसरं कुणी नव्हतं.

वर स्टूल सरकल्याचा आवाज आला...

मग काहीच नाही.

मग, दोरा दातानं तोडावा तसं... कट्.

हेमचंद्राचा घास हातातच राहिला.

दोघं वर धावली. कुलूप जसंच्या तसं. आत कुणी नव्हतं. कापलेल्या गाठी परत बांधलेल्या होत्या, आणि पुढे सहा नव्या. इंदूनं बोट लावून पाहिलं. दोऱ्यावरचं मेण अजून कोमट होतं.

तिनं हात झटकन मागे घेतला. हेमचंद्रालाही दरदरून घाम फुटला. तो वाकून एकेक गाठ तपासायला लागला.

मग हळूच म्हणाला, "काही का असेना. शनिवारपर्यंत काम तर उरकेल."

त्या क्षणी इंदूची भीती गेली. उरला तो नुसता संताप.

"मेल्यावरसुद्धा तिला सुट्टी नाही का, भाऊजी?"

त्यानं पुन्हा कुलूप घातलं. रोज कुलूप घालायचा, रोज उघडून झालेलं काम बघायचा. शुक्रवारी पेटी पुरी झाली. एक तार इकडची तिकडे नव्हती.

इंदूला त्या घरात आता पाणीसुद्धा प्यावंसं वाटत नव्हतं. शनिवारी संमेलन झालं की तिथूनच जामखेडची मोटार पकडायची, असं तिनं ठरवलं. पुंजाराम टांगेवाल्याच्या टांग्यात ट्रंक चढवली आणि टांगा शाळेच्या फाटकाबाहेर उभा केला. फाटकाजवळच्या लिंबावर कर्णा बांधला होता, तोंड रस्त्याकडे.

हेडमास्तर माईकवर बोलले. आवाज खणखणीत. जराही घरघर नाही.

मग हेमचंद्र उठला.

"हे यंत्र मी एकट्यानं, स्वतःच्या हातानं..."

कर्णा गप्प.

त्यानं माईकवर टिचकी मारली. नुसते ओठ हलताना दिसत होते. हेडमास्तर पुढे झाले, "हॅलो" म्हणाले. कर्ण्यातून स्वच्छ "हॅलो" आलं. हेमचंद्र पुन्हा बोलला.

काही नाही...

पोरं हसायला लागली.

इंदू बायकांमधून उठली आणि सरळ माईकपाशी गेली.

"याच्या आतलं सगळं काम माझ्या ताईनं केलंय. नीलांबरीनं."

एवढंच बोलली. कर्ण्यानं ते सगळ्या रस्त्याला ऐकवलं.

फाटकाजवळची माणसं एकदम स्तब्ध झाली. एका बाईनं तोंडाला पदर लावला. आपण भर सभेत बोललो म्हणून असेल, असं इंदूला वाटलं. ती तडक टांग्यात जाऊन बसली.

थोडं पुढे गेल्यावर पुंजारामनं विचारलं, "बाई, खरं हाय का ते?"

"खरंच आहे. तिनंच केलंय सगळं."

"ते न्हाई. त्याच्या म्होरं बोलला ते."

"पुढे मी काही बोललेच नाही."

पुंजारामनं घोडा थांबवला. मागे वळून बघायला तो धजत नव्हता.

"तुमीच बोलला की. 'बटण बंद केलंय म्हनाले, म्हनून मी हात घातला.' समद्यांनी ऐकलं."



"टांगा मागं घे," इंदू म्हणाली.

हेमचंद्र मंचामागे पेटी उघडून एकटाच बसला होता. इंदूनं एवढंच विचारलं, "बटण बंद होतं का, भाऊजी?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो 'हो' म्हणाला नाही. 'कसलं बटण' असंही म्हणाला नाही.

तो म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?"

इंदूमावशी आजही शपथेवर सांगते. माईक तिच्या तोंडापासून वीतभर लांब होता. तिनं एकच वाक्य म्हटलं होतं, आणि एकच ऐकलं होतं.