सहाव्या मजल्यावरचा कोट

हसताय काय रे? गोष्ट माझ्या सख्ख्या साडूची आहे. शहराबाहेर ते काचेचं बिझनेस सेंटर आहे ना, तिथला तो इलेक्ट्रिशियन. ते उभं राहिलं तेव्हा केवढी मिजास! म्हणे शहराचा भार हलका होणार, घराजवळ कामं मिळणार. डोंबलाची मिळणार! शहरातली ऑफिसं तिकडे गेली आणि जुनी माणसं तेवढी गाळली. आमचे सासरे, अण्णा, त्यातलेच. जन्मभर हिशेबनीस. ‘तिकडे बोलावून घेऊ’ म्हणाले त्यांना. रोज सकाळी कोट घालून वाट बघत बसायचे. तसेच गेले बिचारे.

तर गेल्या डिसेंबरातला दुसरा बुधवार. रात्री नऊला एक कंपनी सहाव्या मजल्याचा अर्धा भाग बघायला येणार होती. काचेपलीकडच्या उरलेल्या अर्ध्या भागात चिटपाखरू नव्हतं, आणि असल्या ओसाड जागेला भाडं कोण देतो? मॅनेजर साडूला म्हणाला, “खुर्च्यांवर कोट टाका, टेबलांवर कप ठेवा, सगळे दिवे लावा. शेजार भरलेला दिसला पाहिजे. सौदा झाला तर तुम्ही पर्मनंट, नाही तर एक तारखेपासून घरी बसा.”

साडूला दोन लहान पोरं. करतो काय? एक कोट कमी पडला, म्हणून घरून अण्णांचा आणून खिडकीजवळच्या खुर्चीवर टाकला.

पाहुणे आले. काचेतून बघून खूश झाले. जाताना त्यांचे मोठे साहेब म्हणाले, “शेजारी मन लावून काम करतात हं.”

“कोण?” साडूने विचारलं.

“ते खिडकीजवळचे म्हातारे गृहस्थ. मान वर केली नाही त्यांनी.”

मॅनेजर लाळघोट्या. “हो, हो, आमचे जुने आहेत,” म्हणाला.

साडूने बघितलं. पाठमोरी खुर्ची... कोट. नुसता कोट.

पाहुणे गेले. तो काचेपलीकडे गेला. एकेक दिवा बंद केला. उरला खिडकीजवळचा. बटणावर हात ठेवला...

मागे कोणीतरी खोकलं. दोनदा. बोलायच्या आधी अण्णा खोकायचे तसं.

“जावईबापू... राहू द्या. काम संपायचंय.”

साडूने मागे बघितलं नाही. जिने उतरला. पळत.

सौदा झाला. साडू पर्मनंट झाला. जिवंतपणी ज्यांना दारात उभं केलं नाही, त्यांनाच मेल्यावर शोभेला बसवलं, तेही फुकट! थू असल्या धंद्यावर!

सकाळी तो कोट आणायला गेला. वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावलेली. घरी आणून बायकोच्या हातात दिला. तिने कॉलर चाचपली...

कॉलर घामाने ओली होती.