फूटपाथ गेला कुठे?

"हळू बे कडूबा! इंजिन पाडलं ना मातीत!" कोकिळा ओरडली.

दिवाळीच्या सुट्टीत बाकीची पोरं किल्ले करत होती, पण कोकिळा, कडूबा आणि बानो या तिघांना किल्ल्यांचा कंटाळा आला होता. बुलढाण्यात आगगाडी येत नाही ना? मग आपणच आणू! कडूबाच्या मामाने दिलेली चावीची गाडी होतीच. कोकिळाच्या अंगणात रूळ पडले, स्टेशन उभं राहिलं आणि त्याच्यासमोर त्यांची बाजारगल्ली, अगदी हुबेहूब! खोक्यांची दुकानं, चाळलेल्या राखेचा रस्ता आणि कडेने पुठ्ठ्याच्या फरश्यांचा फूटपाथ. मापं बानोची. दोरी घेऊन ती गल्लीभर फिरली होती.

पण एका जागी फूटपाथ बसेचना! नेमका कोकिळाच्या बाबांच्या, वामनरावांच्या किराणा दुकानापुढे. बानोच्या मापाने तिथे ओटा थेट रस्त्यालाच भिडत होता.

"मोजता येत नाही तं सांगावं ना!" कोकिळा तडकली. "चुकीचं माप काऊन आणलं?"

"बरोबर हाये. दोनदा मोजलं मी," बानो म्हणाली.

"खोटारडी!"

बानोने हातातला पुठ्ठा खाली ठेवला आणि ती मुकाट्याने निघून गेली.

"चाल, आपणच मोजू," कडूबा म्हणाला.

दुकानापुढे कोकिळा दोरी लावायला वाकली आणि थबकली. फूटपाथच्या फरश्या चक्क ओट्याखाली शिरल्या होत्या! दर दिवाळीला बाबा ओटा नव्याने लिंपत आणि लिंपताना पुढे दगडांची एक ओळ वाढवत. "माल मांडाले जागा होते," म्हणत. रोज पाहूनही हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

तेवढ्यात बानोचे आजोबा, फकीर मोहम्मद, काठी टेकत आले. ओट्यापाशी फूटपाथ संपला, म्हणून ते रस्त्यावर उतरले. मागून बैलगाडी! गाडीवान ओरडला. आजोबा कसेबसे बाजूला झाले, पण काठी नालीत पडली.

"पाहून चाला ना, चाचा!" वामनराव गादीवरूनच म्हणाले.

कोकिळाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कडूबाने धावत जाऊन काठी काढून दिली. तिच्याने तेवढंही झालं नाही.

संध्याकाळी ती बानोच्या दारात गेली. "उद्या गाडी सुटणार. येशील?" एवढंच बोलली. पुढचं बोलायला जीभच रेटेना.

भाऊबीजेला गल्लीतली सगळी मंडळी अंगणात जमली. कडूबाने तोंडाने शिट्टी मारली, गाडी धावली, टाळ्या पडल्या! बानो आजोबांसोबत आली होती, पण मागे भिंतीशीच उभी राहिली.

"बाबा, हा मातीचा म्हातारा धरा," कोकिळा म्हणाली. "याले गल्लीतून स्टेशनावर न्या. पण फूटपाथवरूनच हां!"

वामनराव हौसेने उकिडवे बसले. म्हातारा तुरुतुरु निघाला आणि ओट्यापाशी अडला.

"आता कुठून नेऊ याले?"

"रस्त्यावरून, बाबा. गाड्यांमधून. बानोचे आजोबा रोज तसेच जातात."

वामनरावांचा हात तिथेच राहिला. त्यांनी फकीर मोहम्मदांकडे पाहिलं आणि शरमेने मान खाली घातली.

"चुकलं माहं, चाचा," ते पुटपुटले. "उद्याच ओटा मागे घेतो."

"बापाले बरोबर पकडलं पोरीनं!" शेजारच्या मनकर्णाबाई म्हणाल्या. "लई हुशार हाये कोकिळा!"

सगळे वाहवा करू लागले आणि कोकिळाला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"माप बानोचं हाये," ती मोठ्याने म्हणाली. "मी तिले खोटारडी म्हटलं. आपले बाबाच चुकले असतील, हे माह्या मनातच आलं नाही."

बानो पुढे आली.

"मले लई लागलं होतं," ती म्हणाली.

"हाव." कोकिळाच्याने वर पाहवेना.

"सरक थोडी," बानो म्हणाली आणि तिच्या शेजारी बसली.