दंडावरची टिकली

शालनबाई मागच्या दारात उकिडव्या बसून मशेरी लावत होत्या. शेजारी नात ईश्वरी गाल धरून रडत होती. दाढ ठणकत होती पोरीची. शालनबाईंनी बोटाच्या टोकावर ती काळी पूड घेतली, पोरीच्या दाढेवर दाबली आणि म्हणाल्या, "गिळू नको. बघ, आत्ता गप हुतंय."

तेवढ्यात मुलगा रणधीर आला. त्याच्या हातात रक्तटिकली होती. दिसायला कपाळावरच्या टिकलीएवढीच. दंडावर दिवसभर चिकटवली की कळूही न देता थेंबभर रक्त ओढून घ्यायची आणि रंग बदलायची. हिरवी म्हणजे हृदय ठीक, पिवळी म्हणजे सावध व्हा, लाल म्हणजे झटका वाटेवर आहे. विट्याच्या ज्या शाळेची बस रणधीर चालवायचा, त्या शाळेनं ड्रायव्हरांना दर महिन्याला ती सक्तीची केली होती. त्याची मागची पिवळी निघाली होती. त्याचं कारण त्याच्याच खिशात होतं, सिगारेटच्या पाकिटात.

"आई, दंड पुढं कर. ह्या वेळी तुझी देतो."

"माझी कशाला रं?"

"लाल आली तर स्टिअरिंग गेलं माझं. तू कुठं सिगारेट ओढतीस?"

"जीभ हासडीन!" शालनबाई खेकसल्या. पण दंड पुढे झालाच. "शाळेसमोरच्या टपरीत सिगारेटी विकलेल्या चालतात त्यांना, अन् माझ्या पोराचं रगत चालत न्हाई व्हय? लाव! दवाखान्याची पायरी चढली न्हाई मी कधी. दाखव त्यांना रगत कसं असतं ते. पण ते पाकीट चुलीत घाल आधी."

दुसऱ्या दिवशी टिकली शाळेत देऊन रणधीर परत आला तो तोंड पाडूनच.

"लाल निघाली, आई. सिस्टर म्हणाल्या, एवढी लाल आजवर एकाही ड्रायव्हरची नव्हती."

शालनबाईंनी पदर खोचला आणि तडक शाळा गाठली. रणधीर मागून "आई, अगं आई" करत धावला. शाळेच्या आरोग्यखोलीत सिस्टर तरन्नुम मुलाणी बसल्या होत्या.

"तुमची टिकली नासकी हाय," शालनबाईंनी उभ्या उभ्याच सुरुवात केली.

"बसा ना, मावशी. रणधीरभाऊंचं रक्त..."

"त्याचं नाव घ्यायचं न्हाई! ते रगत माझं हाय!"

दारात उभ्या रणधीरनं कपाळावर हात मारला. सिस्टर शालनबाईंकडे वळल्या.

"मावशी, बिडी-सिगारेट?"

"न्हाई."

"तंबाखू खाता?"

"आमच्या घरात बाया तंबाखू खात न्हाईत."

"दात कशानं घासता?"

"मशेरीनं. सगळ्याच घासतात की."

"मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच ना, मावशी," सिस्टर हळूच म्हणाल्या. "झटका यायच्या कितीतरी आधी रक्त कुरकुर करायला लागतं. रक्ताच्या नळ्यांना सूज येते, रक्त गोठायची घाई करतं. टिकली ती कुरकुर ऐकते. शिवाय तंबाखूचं विष किती उरलंय तेही बघते. ते धुरातनं आलं की हिरडीतनं, ते तिला कळत नाही."

शालनबाईंचा आवाज खोलीत मावेना.

"तव्यावर मीच भाजते ती. सासूनं शिकवलं. ह्या रणधीरच्या वेळी पोटुशी हुते, तवा सरकारी बाई घरी यायची. गोळ्या द्यायची, रगत बघायची. एकदा तरी इचारलं, बाई, बोटाला काळं काय लागलंय? बाप्याचा धूर लांबनं दिसतो, म्हणून त्याच्या पाकिटावर चित्रं छापता. बाईचं बोट कुणी बघितलं? इतकं शिकलासा, इतकी यंत्रं काढलीसा, अन् आमच्या दंडापातुर एकबी आलं न्हाई?"

"टिकल्या फक्त ड्रायव्हरांसाठी येतात, मावशी."

"म्हंजे बस हाकणाऱ्याचं काळीज मोलाचं, अन् त्याला पहाटे उठून भाकरी करून घालणारीचं फुकटचं?"

शालनबाई गर्रकन मुलाकडे वळल्या.

"बाही वर कर."

"आई, अगं, लाल आली तर?"

"तर घरी बसशील. माझी नात बसती त्या बसमधी. चुलीत घातलंस का पाकीट? न्हाई ना? मग कर बाही वर!"

सिस्टरांनी कोरी टिकली रणधीरच्या दंडावर दाबली. ती चिकटवणाऱ्या बोटाकडे शालनबाई बघत राहिल्या. मग त्यांनी आपलं बोट बघितलं. नखात अजून काळं होतं. कालची ईश्वरीची दाढ आठवली. परवाचीही. त्याआधी कितीदा, ते आठवेना.

रागानं चढलेला त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"सिस्टर, सहा वर्षांच्या पोरीच्या दंडाला लावायची बारकी टिकली असती का हो?"