बदली आल्याशिवाय

तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. खोटं सांगून मला काय मिळणार आहे?

अंधारी रात्र, पडका बंगला, रडणारी कुत्री... यातलं काही इथं नाही. हे भर दुपारी घडलं. उन्हाने भरलेल्या, फिनेलचा वास येणाऱ्या, माणसांनी गजबजलेल्या दवाखान्यात. गेल्या वर्षी. माझ्या आईच्या बाबतीत.

मी लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात आधी मीच टिंगल करायचो. कुठं काही थरथरलं, तर मी मोटर बघतो.

तिथंही मी आधी मोटरच बघितली होती...

तो दवाखाना मोठ्या मालकांनी बांधलेला. पूर्वी त्याच जागेवर त्यांचा कापडाचा कारखाना होता. कारखाना गावाबाहेर हलवला आणि तिथं छातीच्या रोगांचा दवाखाना उभा केला. जुन्या कामगारांना उपचार मोफत. म्हणजे कापसाची धूळ मालकांच्या कारखान्यात खायची आणि खोकायला मालकांच्याच दवाखान्यात यायचं. आधी विहिरीत ढकलायचं, मग दोर सोडायचा, त्यातला प्रकार. पण दोर खरा होता, हेही सांगतो. औषधं चांगली, डॉक्टर चांगले.

कारखान्याच्या भिंतीवर मालकांनी मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं, 'थांबला तो संपला'. पुढे तीच पाटी दवाखान्याच्या दारावर लावली. छातीच्या दवाखान्यात! हसावं की रडावं, तुम्हीच सांगा.

माझी आई त्या कारखान्यात मागावर होती. मागांचा आवाज इतका, की शेजारी उभ्या बाईचं ओरडणंही ऐकू यायचं नाही. म्हणून तिथल्या बाया नुसते ओठ हलवून बोलायच्या. आवाजाशिवाय. आई घरीही तसंच बोलायची, त्यामुळे मला ते लहानपणापासून कळतं. शाळेत असताना कॉपीला फार उपयोग झाला.

मालकांचे दोन नियम होते. भोंगा वाजला की फाटक बंद. उशीर झाला तर बाहेर.

आणि दुसरा... बदली आल्याशिवाय माग सोडायचा नाही. बदली म्हणजे पुढच्या शिफ्टची बाई. ती मागून यायची, आधीच्या बाईच्या खांद्यावर हात ठेवायची. हाक मारून उपयोगच नव्हता ना. खांद्यावर हात पडला, की तू सुटलीस.

आईच्या आधीच्या शिफ्टला उंच मावशी असायची. सख्खी नव्हे, आईची मैत्रीण. दारातून वाकून आत यायची, म्हणून उंच मावशी.

एके दिवशी मला ताप होता. आई फाटकाशी पोहोचली तेव्हा भोंगा नुकताच थांबला होता. फाटक काही उघडलं नाही. आईने गजांतून हात घातला, विनवण्या केल्या. नियम तो नियम.

आत उंच मावशी बदलीची वाट बघत उभीच राहिली. बसायला स्टूल नव्हतं. बसलेल्या माणसाला झोप येते म्हणून मालकांनी स्टुलं काढून टाकली होती. सलग दुसऱ्या शिफ्टला तिला उभ्या उभ्या डुलकी लागली... केस मागाच्या पट्ट्यात गेले, जागीच गेली.

मालकांनी तिच्या घरच्यांना मदत केली. चांगली मदत केली. फाटकाचा नियम मात्र बदलला नाही.

आता गेल्या वर्षीचं सांगतो.

आईला दवाखान्यात ठेवलं होतं. खिडकीजवळची खाट. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, नीट झोपून राहिल्या तर घरी जातील. मी डबा घेऊन गेलो तेव्हा दुपारची भेटीची वेळ होती. आई उठून बसलेली. खिडकीकडे बघत ओठ हलवत होती...

खिडकीत कुणीच नव्हतं.

"कुणाशी बोलतेस गं?"

"उंचाडीशी. बघ ना, अजून उभीच आहे. तिची शिफ्ट संपलीच नाही रे."

वय झालं की होतं असं, म्हणून मी डबा उघडला. तेवढ्यात पाण्याच्या भांड्यावर नजर गेली.

पाणी थरथरत होतं...

मी खाली वाकून फरशीला हात लावला. यंत्राची थरथर मला कळते. एकाच लयीची, जड. धावत वर गेलो, लिफ्टची मोटर बघितली. लिफ्ट तर बंद होती! पंपही बंद.

परत आलो तर आई खाटेवरून उतरून खिडकीशी गेली होती. तिने हात उचलला. उंच. आपल्यापेक्षा बऱ्याच उंच माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा...

आणि हवेतच ठेवला.

कानाजवळ कुणीतरी दीर्घ श्वास सोडला. मी आईकडे बघितलं, तिचा नव्हता.

तेव्हापासून आई तिथून हलेना. खिडकीशी उभी, दोन्ही हात समोर, मागावर चालायचे तसे चालू. आम्ही हातपाय धरून उचललं, खाटेवर निजवलं, तर श्वास कोंडून ओठ निळे पडले. सोडलं की पुन्हा खिडकीशी. झोपेचं इंजेक्शन दिलं. डोळे मिटले, हात चालूच. दुसऱ्या दिवशी पाय सुजून खांबासारखे झाले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अशाच उभ्या राहिल्या तर रात्र निघणार नाही."

मी लिफ्टवाला, मला यातलं काय सुचणार? पण काय करायचं ते मला कळलं होतं. कुणीतरी बदली म्हणून जायला हवं होतं.

मी तिच्या मागे उभा राहिलो. हात उचलला.

खिडकीच्या काचेत तिला मी दिसलो. तिचे ओठ हलले, आवाजाशिवाय...

"हात मागे घे. तुला माझी शपथ."

मी रडलो, खोटं कशाला सांगू? चाळिशीचा माणूस, दोन पोरांचा बाप, सगळ्या वॉर्डासमोर रडलो. पण हात मागे घेतला.

त्याच दुपारी मोठे मालक येणार होते. नव्या इमारतीसाठी देणगी दिली होती, त्याचे फोटो. त्यांचा मुलगा, डॉक्टर, थोरल्या सिस्टर, सगळा लवाजमा. मालक फार म्हातारे झाले होते. काठी टेकत प्रत्येक खाटेशी थांबत होते, विचारपूस करत होते. नाटक नव्हतं ते. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

आईपाशी आले.

"या आपल्या जुन्या कामगार," सिस्टर म्हणाल्या. "बसतच नाहीत बघा."

मालक आईच्या मागे गेले. अगदी मायेने म्हणाले, "बाई, बसा. माझ्यासमोर उभं राहायची काय गरज?"

आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला...

फोटोवाल्याने फोटो काढला.

आईचे हात थांबले. ती वळली, दोन पावलं चालत आली आणि खाटेवर बसली. "आली गं बाई बदली," म्हणाली आणि आडवी होऊन घोरायला लागली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! मालकांच्या हाताला गुण आहे, असं कुणीतरी म्हणालं.

मी मात्र मालकांकडे बघत होतो.

ते खिडकीकडे तोंड करून उभे होते. काठी खाली पडली. दोन्ही हात समोर आले...

"बाबा, चला," मुलगा म्हणाला.

मालक हलले नाहीत. हात चालू झाले. आधी हळू, मग त्या लयीत. जन्मात मागाला हात न लावलेला माणूस तो!

चौघांनी त्यांना चाकाच्या खुर्चीत घालून वरच्या खोलीत नेलं. दुसऱ्या दिवशी गेले. झटका आला, असं घरचे म्हणाले. असेलही.

आई आठवड्यात घरी आली. आता बरी आहे, सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवण्याइतकी बरी. त्या दिवसाचं विचारलं तर एकच सांगते, "नियम त्यांचाच होता रे. मी काय करणार?"

इथं संपलं असतं तर मी लिहायला बसलोच नसतो.

मागच्या महिन्यात आईची औषधं आणायला गेलो होतो. वॉर्डात मालकांची तसबीर लावली आहे, ताजा हार घातलेली. खिडकीजवळची खाट रिकामी होती. मी नुसता तिथून जात होतो...

पायाखाली फरशी थरथरली.

खिडकीच्या काचेत मी दिसत होतो. आणि माझ्या पुढ्यात, पाठमोरा, चांगल्या कोटातला एक म्हातारा. समोर बघितलं तर कुणी नाही. काचेत मात्र होता. हात चालू, पाय सुजलेले.

त्याने काचेतूनच माझ्याकडे बघितलं. ओठ हलले...

"बदली कुठंय?"

मग तो हळूच मागे सरकला. खांदा माझ्याकडे झुकवला.

मी दोन्ही हात खिशात कोंबले आणि मागे न बघता बाहेर पडलो. घरापर्यंत हात खिशातून काढले नाहीत. गाडी तिथंच राहिली, चालत आलो.

थोरल्या सिस्टरना फोन करून सांगितलं, ती खाट तेवढी हलवा. त्या हसल्या. म्हणाल्या, जागा चांगली आहे, उजेड येतो, कालच एक आजी आल्यात तिथं. नातेवाइकांची ही गर्दी असते.

मला त्याचीच तर भीती वाटते. दवाखाना आहे तो. आजारी माणसाशेजारी उभं राहून, धीर द्यायला, कुणी ना कुणी कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवणारच...