हॅलम हाउसमधलं ध्रुवाख्यान

या, असे पुढे सरकून बसा. मागे खांबाआड कशाला? गारठा आहे, शाल घ्या अंगावर. आज निरूपण नाही, अभंग नाही; आज एक घडलेली गोष्ट सांगायची आहे. गोष्ट कीर्तनाचीच, पण देवळातली नव्हे. अधूनमधून हुंकार देत राहा म्हणजे झालं. आणि एक विनंती, अर्ध्यावरून उठून जाऊ नका. का, ते ओघात कळेल.

सिडनीहून दोनेक तास गाडी हाकली, मॉस व्हेल गाव मागे टाकलं, की लाल मातीची बटाट्याची शेतं लागतात. त्या बाजूला एका टेकाडावर हॅलम हाउस आहे. इंग्लंडातल्या कुण्या उमरावाच्या धाकट्या मुलाने ते बांधलं. तिकडचा रिवाज असा, की वाडवडिलांचं घर, जमीन, किताब, सगळं थोरल्याचं. धाकट्याने जहाज गाठायचं. याने जहाज गाठलं आणि इथे येऊन बापाच्या घराची हुबेहूब नक्कल उभी केली. ओकच्या फळ्या तिकडून आणल्या, जिन्याचा कठडा तिकडून आणला. नकाशाही तोच ठेवला, आणि तिथेच फसला. तिकडे ऊन दक्षिणेचं, म्हणून दिवाणखाना दक्षिणेला. इथे सूर्य जातो उत्तरेने. तेव्हापासून ते एवढं थोरलं घर सूर्याकडे पाठ करून बसलंय. बाहेर लख्ख दुपार असली तरी दिवाणखान्यात दिवा लावावा लागतो. उंच खिडक्यांतून दिसतो तो गवताचा उतार, आणि उतार संपला की गम ट्रींचं, म्हणजे निलगिरीचं, रान. ते कुठवर जातं, कुणी सांगत नाही.

आता ते घर एका ट्रस्टकडे आहे. उन्हाळ्यात तिथे लग्नं लागतात, हिवाळ्यात कुणी फिरकत नाही, त्यामुळे भाडं कमी. आपल्या मराठी मंडळींचा जूनच्या लाँग वीकेंडचा कॅम्प म्हणून तिथे ठरला. ठरवणारा हृषिकेश. "हॉल स्वस्त आणि कीर्तनकार फुकट," तो सगळ्यांना सांगत होता. "सासरे आहेत, बिल थोडंच लावणार!"

सासरे म्हणजे अवधूतबुवा. पुण्यात आयुष्यभर कीर्तन केलेला माणूस. सत्तरी कधीच ओलांडलेली. व्हिजिटर व्हिसावर सिडनीच्या टूनगॅबी उपनगरात लेकीकडे आलेले. लेक मंजिरी पॅरामॅटाच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायची. दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये खोट शोधणं हा तिचा धंदा. भुताखेतांवर विश्वास ठेवायला तिला फुरसत नव्हती, आणि स्वभावही तसा नव्हता.

शनिवारी आर्व्होला, म्हणजे तिकडच्या बोलीत दुपारी, बुवा उपरणं सावरत दिवाणखान्यात उभे राहिले आणि नेहमीच्या सवयीने म्हणाले, "पुढे एक आसन मोकळं ठेवा रे."

"बाबा, मारुतीरायाला व्हिसा लागत नाही वाटतं?" हृषिकेश म्हणाला.

"त्यांनी समुद्र ओलांडला तेव्हा कुणी शिक्का मारला होता? आण खुर्ची. कीर्तनाला कोण कोण येतं ते आपल्याला दिसत नसतं."

तिथल्या बऱ्याचशा जुन्या खुर्च्या, कुणी बसू नये म्हणून दोरी लावून ठेवलेल्या. घराची देखभाल करणारी ग्लेनिस, गमबूट घातलेली म्हातारी, हसून म्हणाली, "नो वरीज, ती खिडकीजवळची घ्या." बिनहाताची, बुटकी, विटक्या हिरव्या मखमलीची खुर्ची होती. रानाकडे तोंड करून ठेवलेली. हृषिकेशने ती उचलली आणि बुवांसमोर आणून ठेवली.

पूर्वरंग रंगला. मध्यंतरात बुक्का लागला, चहा झाला, पोरं बाहेर गवतावर पळाली. उत्तररंगाला बुवांनी ध्रुवाचं आख्यान लावलं. बापाच्या मांडीवर बसायला गेलेलं पाच वर्षांचं लेकरू, त्याला सावत्र आईने ओढून उतरवलं, आणि ते रडत रानात निघालं. सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट. पण बुवा सांगू लागले की पाठ असलेलीही पहिल्यांदा ऐकल्यासारखी वाटायची.

"बाळ निघाले रानाला, माय उभी दाराशी," त्यांनी पद धरलं. झांज वाजत होती. सुनीती, ध्रुवाची आई, दारात उभी आहे आणि लेकराची पाठ दिसेनाशी होतेय, इथवर आले.

आणि थांबले.

त्या मोकळ्या खुर्चीकडे बघत होते. श्रोत्यांकडे बघताना त्यांचे डोळे चहूकडे फिरत. आता एकाच जागी खिळले होते, बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर. ते दोन पावलं पुढे गेले, किंचित वाकले, आणि गाण्याचा सूर सोडून घरातल्या आवाजात म्हणाले, "रडू नका माऊली. मी आहे ना. मी घेऊन येतो त्याला."

लोकांना वाटलं, बुवांचा अभिनय. पुढच्या रांगेतल्या विमलताईंनी डोळ्यांना पदरही लावला.

मग झांज हातातून सुटली. बुवा गुडघ्यांवर आले आणि एका अंगावर कलंडले.

अँब्युलन्स आली, पळापळ झाली. आख्यान तिथेच राहिलं. आई दारात, लेकरू रानात.

---

सिडनीतल्या हॉस्पिटलमध्ये बुवांना ठेवलं. मेंदूतल्या रक्तस्रावाने उजवी बाजू गेली होती. डोळे मिटलेले, पण ओठ हलायचे. मंजिरी कान लावून ऐकायची. बाळ निघाले रानाला, माय उभी दाराशी. मग थोडा वेळ नुसता श्वास. मग पुन्हा तेच.

"लूप लागलाय," ती शिरीषला म्हणाली. शिरीष त्यांच्या ओळखीचा, तिथलाच डॉक्टर.

"असं होतं कधीकधी," तो म्हणाला. "मेंदू शेवटच्या गोष्टीवर अडकतो. त्यात गूढ काही नाही, मंजू."

पटलं तिला. तरी जात्याच तपासनीस. तिने पुढचं पद त्यांच्या कानात म्हटलं, नारद भेटतात ते. बुवांनी ते उचललं नाही. तिने तीनचारदा म्हटलं. ते आपले दारापाशीच. आणि मधला तो श्वास, तो झोपलेल्या माणसाचा नव्हता. चढण चढणाऱ्या माणसाचा होता. दोन पावलं, दम, पुन्हा दोन पावलं.

"कुठे चाललात बाबा?" एकदा तिच्या तोंडून निघून गेलं.

बुवांची पगडी हॅलम हाउसवर राहिली होती. ती विचारायला म्हणून तिने ग्लेनिसला फोन केला.

"पगडी आहे, लव्ह, जपून ठेवलीय," ग्लेनिस म्हणाली. मग म्हणाली, "एक विचारू? तुमच्या वडिलांची ती गोष्ट... तिचा पुढचा भाग आहे का?"

"का?"

"मला एकही शब्द कळला नव्हता त्यातला. पण शनिवारपासून असं वाटतंय, की घरात टीव्ही चालू राहिलाय आणि मी बंद करायला विसरलेय." ती हसली, पण हसू जमलं नाही. "ती बुटकी खुर्ची मी रोज खिडकीकडे वळवून ठेवते. सकाळी येते तर तोंड खोलीकडे. तुमचे वडील उभे होते तिकडे."

"कुणीतरी फिरवत असेल."

"किल्ली माझ्याकडेच असते."

मंजिरीने विचारलं, ती खुर्ची कुणाची. ग्लेनिसने आढेवेढे घेतले. आम्ही ही गोष्ट टूरमध्ये सांगत नाही, पोरं घाबरतात, म्हणाली. मग सांगितली. घराच्या पहिल्या मालकिणीची. तिचं लहानगं मूल एकदा खेळता खेळता उतारावरून रानात गेलं. माणसं, घोडे, कुत्री, सगळं लावून शोधलं. मिळालं नाही. नवऱ्याने चर्चमध्ये नावाचा दगड बसवायचं ठरवलं, तर बाईने बसवू दिला नाही. दगड बसवला म्हणजे आशा सोडली. त्यामुळे त्या लेकराचं नावसुद्धा कुठे राहिलेलं नाही. बाई म्हातारी होईपर्यंत त्या खुर्चीवर बसून रानाकडे बघत राहिली.

फोन ठेवून मंजिरी बुवांच्या खोलीच्या दाराशी आली. आतून बापाचा श्वास ऐकू येत होता. दोन पावलं. दम. दोन पावलं.

मी घेऊन येतो त्याला. बाबांनी आयुष्यात दिलेला शब्द मोडला नव्हता.

---

दुसऱ्या दिवशी शिरीषने तिला बाजूला घेतलं. श्वास थकत चाललाय, म्हणाला. आता केव्हाही. ज्यांना बोलवायचं त्यांना बोलावून घे.

मंजिरीने गाडीची किल्ली उचलली.

"आत्ता?" हृषिकेश दारात आडवा आला. "मंजू, बाबा इथे जाताहेत, आणि तू तिकडे खुर्चीला गोष्ट सांगायला निघालीस?"

"बाबा इथे नाहीयेत, हृषी."

"म्हणजे? कुठे आहेत?"

"ते मला सांगता येणार नाही. पण ते दमलेत, आणि त्यांना थांबता येत नाहीये. आख्यान पुरं झाल्याशिवाय ते थांबणार नाहीत. कुणीतरी पुरं करायला हवं."

"अगं पण तुला कीर्तन येतं का?"

"नाही."

हृषिकेशने तिच्याकडे पाहिलं आणि बाजूला झाला. "मी त्यांचा हात धरून बसतो," म्हणाला. "सांभाळून चालव. धुकं असेल वर."

धुकं होतंच. टेकाडावर पोचली तेव्हा भर दुपारी घराच्या खिडक्या काळ्या दिसत होत्या. ग्लेनिसने दार उघडलं, दिवा लावला, आणि "मी स्वयंपाकघरात आहे, लव्ह" म्हणून जरा घाईनेच निघून गेली.

खोलीत जुन्या लाकडाचा आणि ओल्या राखेचा वास होता. खुर्चीचं तोंड खोलीकडे होतं.

मंजिरी बुवांच्या जागी उभी राहिली. जॅकेटावरूनच ओढणी उपरण्यासारखी घेतली. खूप ओशाळं वाटलं. पांडुरंगा, सूर नाही माझ्याजवळ, म्हणाली, शब्द तेवढे सांभाळ.

तिने सुरुवात केली. नारद भेटले. मंत्र दिला. ध्रुव एका पायावर उभा राहिला. आवाज फाटत होता, ताल सुटत होता. खोली नुसती खोलीच राहिली. देव प्रसन्न झाला, अढळपद मिळालं, इथवर आली तरी काही नाही. समोर कुणी असेलच, तर त्याला देवाशी आणि पदाशी कर्तव्य नव्हतं.

मग ती म्हणाली, "आणि बाळ परत निघालं."

खोलीतला गारठा एका जागी गोळा झाला. तिच्या समोर. चेहऱ्याच्या उंचीवर.

ती सांगत राहिली. "दिवस कलला होता. रान दाट होतं. लेकराला वाट ठाऊक नव्हती."

हे आख्यानात नाही. तिला कळत होतं की हे आख्यानात नाही. पुराणात ध्रुव वाजतगाजत परत येतो, राजा स्वतः सामोरा जातो. पण तोंडात शब्द येत होते, आणि ती ते अडवत नव्हती.

"तेव्हा एक म्हातारा आला. परदेशातला. तोही वाट चुकलेलाच. त्याने लेकराला म्हटलं, चल, आई वाट बघतेय. लेकराने त्याचं बोट धरलं."

बाहेर उतारावर कुणीतरी चढत होतं.

दोन पावलं. दम. दोन पावलं.

मंजिरीने खिडकीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर वाक्य तुटलं असतं.

"माय दाराशीच उभी होती," ती म्हणाली. "म्हाताऱ्याने बोट सोडलं. लेकरू धावलं."

व्हरांड्याच्या फरशीवर पावलं वाजली. लहान. अनवाणी. भरभर.

खुर्ची करकरली, कुणी झटकन उठावं तशी.

मग काहीच नाही. गारठाही नाही.

तिने हात जोडले. "हेचि आख्यान संपूर्ण," एवढंच पुटपुटली, आणि तोंडावर ओढणी धरून रडली.

खिशातला फोन थरथरला. हृषिकेश होता. "मंजू, आत्ता गेले बाबा. ओठ थांबले, मोठा श्वास घेतला... हसल्यासारखे दिसले गं. खरंच."

---

संध्याकाळ पडायच्या आत ती हॉस्पिटलमध्ये पोचली. बुवा शांत होते. चेहऱ्यावरचा शीण गेला होता. ती पायांवर डोकं ठेवायला गेली, तर नर्स मध्ये आली. अगदी तरुण मुलगी, रडवेली झालेली.

"सॉरी. एक मिनिट, मी स्वच्छ करते. मी सकाळीच त्यांचं अंग पुसलं होतं, आय स्वेअर. आणि ते बेडवरून उतरलेले नाहीत. तुमचे मिस्टर इथेच बसून होते. विचारा त्यांना."

हृषिकेश भिंतीला टेकून उभा होता. त्याने मान हलवली.

मंजिरीने चादर बाजूला केली. बुवांचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत लाल मातीने माखले होते. माती अजून ओली होती. आणि पायांखालची चादर पांढरी स्वच्छ.

"राहू दे," ती नर्सला म्हणाली. "पाणी तेवढं दे. मी धुते."

आता उठा, आरतीला उभे राहू. पण टाळी वाजवण्याआधी क्षणभर अवधूतबुवांची आठवण करा. आणि त्यांच्याबरोबर त्या लेकराचीही. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही; मनातल्या मनात नुसतं बाळ म्हटलंत तरी पोचेल.