झाडलेल्या अंगणाचं बेट

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. मी त्या दोणीत, त्या शिडाच्या होडीत, बसले होते.

दोणीत आम्ही चौघं होतो. हुसेनबे गेला. माझा नवरा गेला. दोन वर्षांपूर्वी माझी बहीणही गेली. आता मी एकटी उरले आहे, ऐंशी ओलांडलेली. खोटं सांगून मला काय मिळणार?

बेटाचं नाव मात्र सांगणार नाही. तिथे आज मोठं हॉटेल आहे, कितीतरी माणसं तिथे पोटाला लागली आहेत.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. रात्री माणूस सावध असतो. ही उतरत्या उन्हातली आहे... दिवा लावायच्या जराशी आधीची.

तेव्हा मालदीवला परदेशी पाहुणे येत नव्हते. ओस बेटं नारळांसाठी ठेक्याने मिळायची. माझ्या नवऱ्याने, इद्रीसने, लांबच्या एका बेटाचे नारळ घेतले. ते बेट आमच्यापैकी कुणीही पाहिलेलं नव्हतं. नारळ सोलायला हात कमी पडतील म्हणून माझी धाकटी बहीण हव्वा, अठरा वर्षांची, बरोबर निघाली. दोणी हुसेनबेची. त्याचं नाव नुसतं हुसेन, पण थोरल्या माणसाच्या नावामागे आम्ही 'बे' लावतो.

निघताना आईने माझा हात धरला.

"ऐशत, पोरगी तुझ्या हवाली करतेय. नेतेस तशी परत आण."

"आणीन गं."

"काळजी नको," इद्रीस म्हणाला. "हिला कोण ठेवून घेणार? जीव नकोसा करून सोडेल."

हव्वा दोणीतूनच ओरडली, "खेकड्या, तू आधी सरळ चालायला शीक!"

इद्रीस जरा तिरका चालायचा. पण गावात त्याला तोंडावर खेकडा म्हणायची हिंमत एकट्या हव्वाची. जीभ म्हणजे नुसती मिरची. लहानपणी मी रडायला लागले की ती मला हसवायची, आणि हसायला लागले की रडवायची.

बेटाला दोणी लागली तेव्हा सकाळचं ऊन चढत होतं. पहिलं काम एकच. मुक्काम कुठे करायचा?

बाहेरच्या, खुल्या समुद्राच्या अंगाला नुसता खडक आणि वारा. आतल्या, शांत पाण्याच्या अंगाला दोणी ओढून ठेवता येईल अशी वाळू होती, पण सावली नव्हती. मग आम्ही केवड्याच्या बनातून वाट काढत मध्यावर गेलो.

आणि थांबलो.

समोर उंडीच्या झाडांखाली अंगणाएवढी मोकळी जागा होती. कडेला दगडांनी बांधलेली विहीर.

आणि वाळू... झाडलेली.

हिराच्या झाडूच्या रेघा एकीला एक लागून ओढलेल्या. एक पान पडलेलं नाही. रेघा इतक्या ताज्या, की बाई आत्ताच झाडू ठेवून आत गेली असावी.

पण आत जायला घरच नव्हतं.

"कोण आहे का?" हुसेनबेने हाक दिली.

कुणी नाही.

मी वाळूकडे बघत राहिले. झाडणारी बाई शेवटी कुठेतरी पाऊल टाकतेच. तिथे एकही पाऊल नव्हतं. माणसाचं नाही, बगळ्याचं नाही, खेकड्याचंही नाही.

"दुसऱ्या बेटाची माणसं येऊन गेली असतील," इद्रीस म्हणाला. "बरंच झालं. जागा तयार मिळाली."

हुसेनबेने मान हलवली. "मी दोणीत झोपेन. तुम्हीही दोणीत झोपा."

"हुसेनबे, तुमच्या दोणीला माशांचा वास येतो आणि तुम्हाला विडीचा," हव्वा म्हणाली. "मी इथेच झोपणार."

तुम्हाला वाटेल, काय ही वेडी माणसं. पण आमच्याकडे बायका पहाटे उठून वाळू झाडतात. अंगण, गल्ली, मशिदीची वाट, सगळं. झाडलेली वाळू म्हणजे माणसांची वस्ती. पाचोळा आणि झाडोरा हा त्यांचा मुलूख... ज्यांचं नाव आम्ही तिन्हीसांजेला घेत नाही. लहानपणापासून हेच शिकलो होतो. स्वच्छ जागेची भीती कशी बाळगायची, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

आम्ही तिथेच चटया टाकल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे झोपेतच आवाज आला.

खस्स... खस्स... खस्स...

मला वाटलं, हव्वा उठली. मी कूस बदलली आणि पुन्हा झोपले.

उजाडलं तेव्हा हव्वा माझ्या शेजारीच झोपलेली होती.

अंगण चटयांच्या कडेपर्यंत झाडलेलं होतं. कालची आमची सगळी पावलं पुसली गेली होती. माशाचे काटे नाहीत, इद्रीसच्या विडीचं थोटूक नाही. आम्ही तिथे आलोच नव्हतो, असं.

"तू झाडलंस?" हव्वाने मला विचारलं.

"मला वाटलं, तू."

ती उठून बसली. मग हसली. अंगणाकडे तोंड करून ओरडली, "ए बाई! एवढं करतेसच, तर आमची भांडीही घासून ठेव!"

"गप बस, मेले," मी म्हणाले.

त्या दिवशी दुपारी नारळ गोळा करून परत आलो. गरुदियाचं, म्हणजे माशाच्या साराचं पातेलं, काठाला थर धरलेलं, तसंच टाकून गेलो होतो. ते विहिरीच्या कठड्यावर पालथं घातलेलं होतं.

लख्ख.

हव्वा हसली नाही. कुणीच हसलं नाही.

तेव्हाच माझ्या ध्यानात आलं, की आल्यापासून त्या बेटावर आम्ही कावळा ऐकलेला नव्हता. ओस बेटावर कावळे नाहीत, असं कधी होत नाही. खरकट्यावर मुंग्यासुद्धा येत नव्हत्या.

"उद्या निघू," इद्रीस हळूच म्हणाला. "जमलेत तेवढे नारळ पुरेत."

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तो आवाज झाला. या वेळी मी जागी होते. डोळे मात्र उघडले नाहीत. झाडू माझ्या डोक्यामागून गेला, हव्वाच्या बाजूला गेला... आणि तिथे थांबला.

बराच वेळ थांबला.

सकाळी सामान आवरायला लागलो. मी आणि इद्रीस नारळाची ओझी दोणीकडे नेत होतो. परत येताना केवड्याच्या बनातूनच मला हव्वाचं हसू ऐकू आलं. ती कुणाशी तरी बोलत होती.

"हो गं, येते ना. एवढं पाणी काढते आणि येते."

मी धावत अंगणात आले. ती विहिरीपाशी एकटीच उभी होती. मला बघून तिचा चेहरा पडला.

"तू... तिकडून कशी आलीस?"

"दोणीकडून. कुणाशी बोलत होतीस?"

"तुझ्याशीच." तिने झाडीकडे बोट दाखवलं. "तू आत्ता तिथे उभी होतीस. म्हणालीस, आत पिकलेली केवड्याची फळं आहेत, चल. तुझाच आवाज होता, ऐशत. अल्लाची शपथ."

मी तिचा हात धरून तिला ओढत दोणीपाशी आणलं. तिचा हात गार होता, पण तिने माझा हात घट्ट धरला होता. नखं रुतली होती मला. त्या वेळी ती हव्वाच होती. एवढं मी आजही छातीवर हात ठेवून सांगते.

हुसेनबेने सगळं ऐकलं. म्हणाला, "भरती आली की निघायचं. तोवर कुणी एकमेकांच्या नजरेआड जायचं नाही."

भरती दुपार कलल्यावर आली. दोणी पाण्यात ढकलायची वेळ झाली आणि हव्वा एकदम म्हणाली, "आईचं पातेलं!"

"राहू दे," मी म्हणाले.

"आई मला उभी चिरेल. हे काय, इथेच तर आहे."

मी तिच्या मागे निघाले. तेवढ्यात लाटेने दोणी आडवी झाली आणि इद्रीस ओरडला, "ऐशत, दोर धर!" मी दोर धरला. इद्रीस आणि हुसेनबे खांद्याने दोणी सरळ करत होते. किती वेळ गेला? ओंजळभर पाणी प्यायला लागतो, तेवढा.

मान वळवली तर ती झाडीतून येत होती. डोक्यावरून ओढणी घेतलेली. सरळ पाण्यात शिरली, दोणीत चढली आणि पुढच्या टोकाला पाठ करून बसली.

"मिळालं?" मी विचारलं.

तिने नुसती मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

हुसेनबेने बांबू रेटला. दोणी उथळ पाण्यात सरकली. शीड वर चढलं. किनारा मागे पडायला लागला तसा माझ्या जिवात जीव आला.

आणि मग...

"ऐशत!"

आवाज किनाऱ्यावरून आला.

"ऐशत, थांबा! पातेलं सापडत नव्हतं गं!"

हव्वाचा आवाज.

मी पुढे बघितलं. हव्वा दोणीच्या टोकाला बसलेली होती. हलली नाही. मागेही वळली नाही.

"मागे बघू नका," हुसेनबे पुटपुटला. "कुणी बघायचं नाही. सकाळी तुझा आवाज काढला, आता तिचा काढतात." आणि तो मोठ्याने कुराणातली आयत म्हणायला लागला.

"अरे खेकड्या! ही काय चेष्टा आहे? फिरव दोणी!"

इद्रीसच्या हातून शिडाचा दोर सुटला.

"हुसेनबे... तिने मला खेकडा म्हटलं."

"ऐकलंय त्यांनी. दोन दिवस सगळं ऐकतायत ते."

किनाऱ्यावरून शिव्या यायला लागल्या. इद्रीसला, हुसेनबेच्या विडीला, मला. मग शिव्या थांबल्या. आता नुसतं रडू ऐकू येत होतं. हव्वाला रडताना मी फार कमी वेळा ऐकलं होतं. रडताना तिला मध्येच उचकी लागायची.

तशीच उचकी.

मी उठले. हुसेनबेने एका हाताने माझं डोकं खाली दाबलं आणि पुढे बघून विचारलं, "पोरी, अल्लाला स्मरून सांग. तू कोण?"

ती वळली. चेहरा हव्वाचा. डोळ्यांत पाणी.

"मी हव्वा," ती म्हणाली. "मला भीती वाटतेय. घरी चला."

आम्ही घरी गेलो.

आईने तिला पोटाशी धरलं. पातेल्याचं नावही काढलं नाही.

लोक म्हणाले, प्रवासाने पोरगी शहाणी झाली. खरंच झाली. उलट बोलणं गेलं, टोमणे गेले. इद्रीसला ती शेवटपर्यंत आदराने इद्रीसबे म्हणत राहिली. तिचं लग्न झालं, पोरंबाळं झाली. माझा पाय मोडला तेव्हा तिने तीन महिने माझं सगळं केलं, एकदाही कुरकुरली नाही. तिच्या हातचं मी किती खाल्लं. तिच्यासारखी बहीण मिळायला नशीब लागतं.

हेच मला खुपतं.

इद्रीस तिच्यासमोर कधी जेवला नाही. कारण विचारलं तर उठून जायचा. हुसेनबेने त्यानंतर दोणी विकली. अखेरच्या आजारात मी त्याला पाणी पाजायला गेले, तेव्हा माझं मनगट धरून एवढंच म्हणाला, "मी बरोबर केलं ना गं?"

मी हो म्हणाले. मरणाऱ्या माणसाला काय सांगायचं?

बहीण गेली तेव्हा मय्यत मीच न्हाऊ घातली. डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. लहानपणी शिंपला लागून गुडघ्यावर पडलेला वण जागेवर होता. मानेवरचा तीळ होता. सगळं होतं, जसंच्या तसं. मला समाधान वाटायला हवं होतं.

तिची नात शिफा त्याच बेटावरच्या हॉटेलात काम करते. तिला यातलं काही ठाऊक नाही. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. किती गोड बोलते पोर, अगदी तिच्या आजीसारखी.

"आजी, घरच्या माणसांना इथे राहायला मिळतं. तू ये ना. खोली कुठली सांगू? किनाऱ्याजवळची, की आत झाडीतली? आतली शांत आहे, जुन्या विहिरीपाशी."

मी म्हणाले, विचार करून सांगते.

अजून सांगितलेलं नाही. जाऊ नये, हे मला कळतं. पण या वयात डोळा लागत नाही. पडल्या पडल्या एकच विचार येतो. त्यांच्या मुलखात राहिलेल्या माणसाचं वय वाढत नाही, म्हणतात. तिकडे खरंच कुणी असेल, तर ती अजून अठरा वर्षांचीच असेल. आणि किनाऱ्यावर उतरेल ती ही पांढऱ्या केसांची, कमरेत वाकलेली म्हातारी.

तिने मला ओळखलं नाही, तर बरंच.

पण ओळखलं तर...?