मी दुबईला गेले नाही त्याची गोष्ट

माझ्या नाकात काडी घालणाऱ्या माणसाच्या मी प्रेमात पडले. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी धक्का बसल्याचं नाटक करायला नको.

एप्रिल २०२१. घोडेगावच्या स्टँडसमोरच्या लॅबबाहेर मी रांगेत उभी होते. पुढे-मागे तापानं फणफणलेली, खोकणारी माणसं. मला ताप नव्हता. मला दुबईला जायचं होतं... म्हणजे मला नव्हतं जायचं, मला नेणार होते. पप्पांची थोरली बहीण पानबाई भुआ, तिच्या सासरकडचा मोहित दुबईत राहतो. वर्षभर सगळे घरात कोंडलोय, जरा फिरूनही येऊ आणि रिद्धीला मुलगाही दाखवू, असं भुआनं ठरवलं. तिनं ठरवलं की आमच्या घरात ते ठरतंच.

लॅबमधला माणूस नखशिखांत पांढऱ्या किटमध्ये होता. माणूस म्हणून दिसत होते ते फक्त डोळे.

"काय तरास व्हतोय?"

"काही नाही. दुबईला जायचंय."

डोळे वर आले. "फिरायला?"

"हो."

"आत्ता?"

त्या एका शब्दानं मला असा राग आला! गावात लोक ऑक्सिजनसाठी धावतायत आणि आपण बॅगा भरतोय, हे मला स्वतःलाच टोचत होतं. पण ते यानं का म्हणावं?

"का? तुमची परवानगी घ्यायची राहिली का?"

"नाय ओ मॅडम. मान वर करा. आन् रडू नका."

"मी रडत नसते."

काडी आत गेली आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यानं टिश्यू पुढे केला. मास्कच्या वरचे डोळे हसत होते — स्पष्ट दिसलं मला.

"नाव सांगा तुमचं. तक्रार करायचीय."

"दादाभाऊ."

"खरं नाव विचारलं मी."

"खरंच दादाभाऊ. आज्याचं नाव ठिवलंय." मग बाटलीवर चिठ्ठी लावता लावता तो हळूच म्हणाला, "लई पोरी वाचल्या या नावामुळं."

मी रस्त्यावर आले आणि एकटीच हसत सुटले. त्या दिवसांत रस्त्यात हसणारं माणूस बघून लोक वळून बघायचे.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "रिपोर्ट निगेटिव्ह हाय. पन दुबईवाल्यांनी आपल्याकडची इमानं बंद केली म्हनं."

"कळलं मला."

"वाईट वाटलं का?"

"तुम्हाला वाटलं?"

तो म्हणाला, "मला कशाला वाटंल... मला तर बरं वाटलं." आणि घाईघाईनं फोन ठेवून दिला.

मे महिना फार वाईट गेला. त्याच्याबद्दल गमतीनं लिहिता येत नाही. किट उतरवलं की दुपारी तो मला फोन करायचा आणि कितीतरी वेळ नुसता गप्प बसायचा. मग मी बोलायचे. आमच्या दुकानात आज काय आलं, पप्पा कुणावर चिडले, मांजरीनं कुठल्या पोत्यावर पिल्लं घातली. आमचं भुसाराचं दुकान, त्यात हिरड्याची खरेदी. डोंगरावरची माणसं हिरडा आणि भात घेऊन आमच्याकडेच येतात. त्यातलेच एक त्याचे वडील, आहुप्याचे कुशाबा. लहानपणापासून मी त्यांना आमच्या पायरीवर पोत्याला टेकून बसलेलं बघत आले होते.

"म्हंजे तू उत्तमशेठची पोरगी?" हे कळलं तेव्हा तो एकदम म्हणाला.

"आता घाबरलास?"

"थोडासा."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं.

जूनमध्ये विमानं सुरू होणार अशी बातमी आली. भुआचा फोन आला आणि मी पुन्हा लॅबच्या खुर्चीवर.

"परत तू?"

"परत मी. आणि आज मी ऐकणार नाही. तू माझं नाक, माझे दात, माझं रडणं, सगळं बघून बसलायस. मी तुझा चेहरासुद्धा बघितलेला नाही. हा कुठला न्याय?"

"हितं मास्क काढता येत न्हाई."

"मग बाहेर काढ."

पाऊस भुरभुरत होता. तो रस्त्याच्या पलीकडे पिंपळाखाली जाऊन उभा राहिला, मी अलीकडे लॅबच्या पायरीवर. मध्ये एक ट्रॅक्टर गेला. मग त्यानं मास्क खाली ओढला. पुढच्या दोन दातांत फट, हनुवटीवर जुनी खूण, आणि ते हसू... ते मी आधीच ओळखत होते, फक्त वरच्या अर्ध्यावरून. क्षणभरच. मग मास्क पुन्हा वर. मी घरी जाऊन मम्मीला सांगितलं की स्वॅबनं डोळे चुरचुरतायत.

त्या वेळीही विमानं सुरू झालीच नाहीत. दुबईचं सरकार माझ्या बाजूनं होतं.

मग चातुर्मास लागला. आम्हा जैनांचे साधू-साध्वी हे चार महिने एका गावी थांबतात, आणि घरोघरची माणसं त्यांच्यासमोर हात जोडून काही ना काही सोडण्याचा नियम घेतात. एकदा घेतला की घेतला. त्या वर्षी स्थानकात, म्हणजे प्रवचनाच्या जागी, गर्दी करायची नव्हती, म्हणून आमच्या साध्वी, महासतीजी, मोबाईलवर आल्या. आम्ही सगळे टेबलावरच्या फोनपुढे बसलो. रात्रीचं जेवण सोडायचं, हात जोडा. जोडले. कांदा-बटाटा, हात जोडा. जोडले. पप्पांना तोपर्यंत छान डुलकी लागली होती. पण हात? पन्नास वर्षांची सवय, ते आपोआप जुळत होते. मम्मी गॅसवरच्या दुधाकडे बघत होती, भुआ तिच्या घरून फोनमध्ये स्वतःचाच चेहरा बघत होती. मग महासतीजी म्हणाल्या, "रोगाचे दिवस आहेत. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत ज्यांना जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, त्यांनी हात जोडा."

सगळ्यांचे हात जोडलेलेच होते. ऐकलं फक्त मी. मीही जोडले. अगदी मनापासून.

आणि गप्प बसले.

पर्युषण संपलं, दुबई खरोखरच उघडली. लसी झालेल्या होत्या, तिकिटं आली, भुआ बॅग घेऊन आमच्याकडे राहायला आली. मोहितच्या आईनं माझ्या बोटाचं माप मागवलं. बोटाचं माप! म्हणजे नुसतं बघणं नव्हतं, अंगठीच घालायची होती.

मी तडक लॅबवर गेले आणि दादाभाऊला सगळं सांगितलं, नियमाचंसुद्धा. त्याचे डोळे चमकले.

"मग झालं की! सांगून टाक नियम. तुझं पप्पा न्हाई मोडायचं. कार्तिकीपत्तुर सुटलो आपन."

"आणि कार्तिकीनंतर?"

"नंतरचं नंतर बघू."

माझं डोकंच फिरलं. "नंतर तो मोहित इथे येईल. नंतर दुसरा कुणीतरी येईल. दरवेळी मी महासतीजींच्या मागे लपू? तू परक्या माणसांच्या नाकात काडी घालायला घाबरत नाहीस आणि माझ्या पप्पांना घाबरतोस?"

"रिद्धी... माझा बाप तुमच्या पायरीवर बसतो. गादीवर न्हाई. हे तुला दिसत न्हाई, मला दिसतं."

हे मला खरंच दिसलं नव्हतं. पण राग गेला नाही. उलट वाढला, फक्त आता तो त्याच्यावर नव्हता.

"मग मी सांगते," मी म्हटलं. "तुला बोलायचं असेल तर बोल. नसेल तर काडी घे आणि उभा राहा."

टेस्ट घरीच करायची ठरली होती. तो आला. किट, मास्क, तोंडावर प्लॅस्टिकची ढाल. पप्पा खुर्चीवर बसले, मान वर केली, झालं. मम्मीचं झालं. भुआनं एवढा आरडाओरडा केला की शेजारचे गॅलरीत आले. मग माझी पाळी.

मी बसलेच नाही.

"पप्पा, मी दुबईला येणार नाही."

"म्हणजे?"

"मला मोहितशी लग्न करायचं नाही. माझं दुसऱ्या एकावर प्रेम आहे." शब्द एकही अडला नाही.

मम्मीनं पदर तोंडाला लावला. भुआ म्हणाली, "बघितलंस, उत्तम? मोबाईल दे म्हणत होती ना, घे!"

"कोण आहे तो?" पप्पांनी विचारलं. आवाज चढला नव्हता. म्हणूनच भीती वाटली.

मी दादाभाऊकडे बघितलं नाही. मुद्दामच नाही बघितलं. खोलीत सॅनिटायझरचा वास होता आणि बाहेर पागोळ्या ठिबकत होत्या. मला वाटलं, झालं... हा आता सामान गोळा करणार.

"मी," ढालीच्या आतून आवाज आला. "मी हाये, शेठ. कुशाबाचा थोरला."

पप्पांनी त्या पांढऱ्या गाठोड्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. बघण्यासारखं दिसत काहीच नव्हतं. फक्त डोळे, आणि ते खाली वळले नव्हते.

"आमी लपवायला नको व्हतं," तो म्हणाला. "ती एकटी बोलली, ही माझी चूक. पन मी मागं हटनार न्हाई."

"कुशाबाचा पोरगा!" भुआ उसळली. "हिला उद्याच्या उद्या विमानात बसव!"

"आणखी एक," मी म्हटलं. "विमानात तुम्हालाही बसता येणार नाही, भुआ." आणि मग नियमाचं सांगितलं. मम्मीनं मोबाईलवर रेकॉर्ड झालेलं ते प्रवचन लावलं. महासतीजींचा शांत आवाज खोलीभर पसरला. जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं नाही.

"झोपेत घेतलेला नियम लागतो होय?" भुआ म्हणाली.

"हात तर जोडले होते, जिजी," पप्पा म्हणाले. ते एकदम थकलेले दिसले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "तिकिटं रद्द. आणि हा विषय पौर्णिमेपर्यंत या घरात कुणी काढायचा नाही."

"मी काढणार," मी म्हटलं. "रोज."

आणि रोज काढला. चहा देताना, दुकानात माप मांडताना, दिवाळीच्या फराळाला बसताना. त्यांनी कधी उत्तर दिलं नाही, पण कधी उठूनही गेले नाहीत. दादाभाऊला मी भेटत होते, कुणापासून न लपता, स्टँडवर, सगळ्यांसमोर. लोक बोलले. बोलू देत. भुआ रुसून आपल्या घरी गेली.

दिवाळीनंतर कुशाबाकाका नवा तांदूळ घेऊन आले. नेहमीसारखे पायरीवर टेकायला गेले, तर पप्पा म्हणाले, "तिथं नको. वर या." काका गोंधळले. "आसू द्या शेठ, कपडं मळल्यात." पप्पांनी स्वतःच वह्या सरकवून गादीवर जागा केली. दोघंही अवघडून बसले. तांदळाखेरीज काही बोलले नाहीत. मी आत जाऊन खूप रडले. तेव्हा नाकात काडी नव्हती.

कार्तिकी पौर्णिमा उजाडली. नियम सुटला. एसटीचा संप चालू होता, म्हणून दादाभाऊ मोटारसायकल घेऊन आला, आणि तीही थेट दुकानासमोर. भर बाजारात. मीच सांगितलं होतं तसं.

"पप्पा, मी आहुप्याला चाललेय. त्याच्या घरी."

पप्पा गादीवरून उठून पायरीपर्यंत आले. "हेल्मेट काढ," ते त्याला म्हणाले. त्यानं काढलं. "तो मास्कही." त्यानं तोही काढला. पप्पांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. दातांतली फट, हनुवटीवरची खूण, सगळं. समोरचा किराणावाला माप करायचं विसरून बघत राहिला.

"अगदी कुशाबा," पप्पा शेवटी म्हणाले. मग वळून आत जाता जाता, "दिवस मावळायच्या आत घेऊन ये हिला. आमच्यात अंधार पडल्यावर ताट वाढत नाहीत. उशीर केलास तर तूही उपाशी राहशील."

डिंभ्याचं धरण मागे पडल्यावर दादाभाऊनं विचारलं, "शेठनी मला दम दिला का जेवायला बोलीवलं?"

"दोन्ही."

आहुप्याला सखूबाई मावशींनी, म्हणजे त्याच्या आईनं, माझ्यासाठी कांदा-लसूण न घालता काय काय केलं होतं ते वेगळंच सांगावं लागेल. जेवल्यावर तो मला गावाबाहेर कड्यावर घेऊन गेला. पुढे जमीनच संपली. खाली खोल कोकण, आणि वारा इतका की ओढणी हातात राहीना.

"ही आपल्या जिल्ह्याची हद्द," तो म्हणाला. "त्या दगडाच्या पल्याड ठाणं."

मी त्याचा हात घट्ट धरला. पहिल्यांदाच, मध्ये हातमोजा नव्हता. आणि दगडापलीकडे एक पाऊल टाकलं. एकच.

"झाली माझी परदेशवारी," मी म्हटलं.

"आन् मुलगा? मुलगा बघायचा व्हता ना तिकडं?"

"बघितला. पसंत आहे."

तो हसला. पूर्ण चेहरा, दातांतल्या फटीसकट. मला तिथेच उभं राहावंसं वाटत होतं, पण ऊन कड्यावर तिरपं यायला लागलं होतं.

"चल लवकर," मी त्याला ओढलं. "पप्पा ताटं मांडून बसले असतील."